वचनभूमीची हद्द कोणासाठी?



गाझाच्या बातम्या घरोघरी मोबाईलवर येऊ लागल्यापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो, आणि तो बहुधा मुले विचारतात. नववी-दहावीतली मुलगी एखादा नकाशा दाखवते, मिसरपासून फुरात नदीपर्यंत रंगवलेला, आणि विचारते, अब्बू, त्यांच्या किताबात खरंच असं लिहिलंय का? अल्लाहने ही सगळी जमीन त्यांना देऊन टाकली आहे का? बहुतेक घरांत या प्रश्नाला दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, तौरातमध्ये फेरफार झाला आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. दुसरे, आधी जेवून घे. पहिले उत्तर आपल्या अकीद्याला धरून आहे, पण ते पुरे पडत नाही. पवित्र भूमी बनी इस्राईलसाठी लिहिली गेली होती, हे खुद्द कुरआनात सूरह माइदाच्या २१व्या आयतीत हजरत मूसा (अ.) यांच्या तोंडी आलेले आहे. मुलीने उद्या ती आयत तर्जुम्यात वाचली तर तिला काय सांगणार?

हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. मार्च २०२३ मध्ये इस्राईलचे अर्थमंत्री बेझलेल स्मोट्रिच पॅरिसमध्ये भाषणाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोरच्या मेजावर एक नकाशा लावलेला होता. त्यात आजचा जॉर्डन देशही इस्राईलच्या हद्दीत दाखवला होता. जॉर्डन सरकारने इस्राईलच्या राजदूताला बोलावून निषेध नोंदवला. असे नकाशे ज्या वचनांवर उभे केले जातात ती वचने आपण एकदा नीट वाचावीत, असे मला वाटते. घाबरून नाही आणि चिडूनही नाही. विशेषतः त्या वचनांमध्ये हद्दी कशा सांगितल्या आहेत ते पाहावे. सगळी गोम तिथेच आहे.

आज उपलब्ध असलेल्या तौरातच्या पाच भागांत या जमिनीच्या हद्दी एकदा नव्हे, अनेकदा येतात आणि त्या एकसारख्या नाहीत. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात हजरत इब्राहीम (अ.) यांच्याशी झालेल्या करारात मिसरच्या नदीपासून महानदी फुरातपर्यंत असे म्हटले आहे. निर्गमाच्या २३व्या अध्यायात लाल समुद्रापासून पलिष्ट्यांच्या समुद्रापर्यंत आणि वाळवंटापासून नदीपर्यंत असे आहे. गणनेच्या ३४व्या अध्यायात मात्र तलाठ्याने लिहावा तसा तपशील आहे. दक्षिणेला मृत समुद्राच्या टोकापासून विंचवांची चढण (मूळ शब्द अक्रब्बीम, आपल्या अरबी ‘अक़रब’चा सख्खा भाऊ), पुढे सीनचे रान, कादेश बर्ण्या, मिसरचा ओढा आणि समुद्र. पश्चिमेला भूमध्य समुद्र. उत्तरेला डोंगर आणि हमातची वाट. पूर्वेला किन्नेरेथ सरोवर, तिथून जॉर्डन नदीच्या काठाने पुन्हा मृत समुद्र.

या दुसऱ्या हद्दीत फुरात कुठेच नाही. ती इथून शेकडो किलोमीटर दूर, आजच्या तुर्कस्तान, सीरिया आणि इराकमधून वाहते. शिवाय पहिल्या वचनात मिसरच्या सीमेसाठी ‘नहार’ हा शब्द आहे आणि दुसऱ्यात ‘नहल’. अरबी जाणणाऱ्याला फरक लगेच कळेल. नहर म्हणजे वाहती नदी, तर नहल म्हणजे पावसात वाहणारा आणि एरवी कोरडा पडणारा ओढा. हा ओढा म्हणजे सीनाईतला वादी अल-अरीश, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ‘किताबात लिहिले आहे’ असे म्हणून एकच नकाशा फडकवणाऱ्याने आधी कोणता अध्याय ते सांगायला हवे.

हजरत सुलैमान (अ.) यांच्या काळाबद्दल राजे या पुस्तकात म्हटले आहे की त्यांची सत्ता फुरातपासून मिसरच्या सीमेपर्यंत होती. पण तिथे चित्र खंडणी आणणाऱ्या राज्यांचे आहे. लोकांना उठवून तिथे वस्ती केल्याचे नाही. त्याच पुस्तकात पुढे असेही आहे की त्यांनी गालीलमधली वीस गावे सूर येथील राजा हिराम याला देऊन टाकली. वचनाच्या आतली वीस गावे! हद्द एक इंचही हलू शकत नाही म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेले नसावे.

आता या हद्दींच्या खुणा पाहा. समुद्र, नदी, ओढा, डोंगर, वाळवंट. माणसाने उभारलेली भिंत नाही, कुंपण नाही. आपल्याकडे शेताची हद्द दगडाने ठरते आणि दगड रात्रीतून हलवता येतो. बांध कोरता येतो. दरवर्षी नांगर एक वीत आत घातला की दहा वर्षांत शेजाऱ्याचा एक पट्टा आपला होतो. नदीचे तसे होत नाही. समुद्र सरकवता येत नाही. ज्याने ती जमीन दिली त्यानेच तिची हद्दही घातली, आणि अशा वस्तूंनी घातली ज्यांच्यावर घेणाऱ्याचा हात चालत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या खुणांचा पहिला अर्थ हाच आहे. ही हद्द शेजाऱ्यापेक्षा आधी घेणाऱ्याला रोखण्यासाठी आहे. इथपर्यंत तुझे, पुढे नाही.

ही केवळ माझी समजूत नाही. बनी इस्राईलचे प्रेषित यिर्मया यांच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात समुद्राचे उदाहरण येते. अल्लाहने समुद्राला वाळूची मर्यादा घातली. लाटा कितीही उसळल्या, कितीही गर्जल्या तरी त्या ओलांडत नाहीत. आणि लगेच पुढे तक्रार आहे की या लोकांचे हृदय मात्र बंडखोर आहे, ते मर्यादा सोडून निघून गेले. वाळूसारखी भुसभुशीत गोष्ट समुद्राला अडवते, कारण समुद्र हुकूम मानतो. सूरह रहमान ज्यांना पाठ आहे त्यांना दोन समुद्रांमधला तो पडदा आठवेल, जो दोघेही ओलांडत नाहीत. अरबीत या पडद्याला बर्ज़ख म्हटले आहे. निसर्गातल्या प्रत्येक वस्तूला आपली मर्यादा ठाऊक आहे, ती ओलांडण्याची मुभा आणि परीक्षा फक्त माणसाला दिलेली आहे.

आपण मराठीत रोज वापरतो तो ‘हद्द’ हा शब्दही मूळचा अरबी आहे. त्याचे अनेकवचन हुदूद. कुरआनात हुदूदुल्लाह, म्हणजे अल्लाहने घातलेल्या हद्दी, हे शब्द रोजा, तलाक आणि वारसा अशा घरगुती विषयांत येतात. गावाची शीव आणि माणसाच्या वागण्याची शीव यांना आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

हद्द घेणाऱ्यासाठीच आहे याचा सर्वांत ठळक पुरावा अनुवाद या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. चाळीस वर्षे भटकून बनी इस्राईल वचनभूमीच्या जवळ येतात. वाटेत एदोमचा मुलूख लागतो. हुकूम येतो की त्यांना छेडू नका, तिथली पाऊल ठेवण्याइतकीही जमीन तुम्हाला मिळणार नाही, कारण सेईरचा डोंगर एसावच्या वंशजांना दिलेला आहे. अन्न हवे तर पैसे देऊन विकत घ्या, पाणीसुद्धा पैसे देऊन प्या. पुढे मवाब लागतो. तिथेही तेच, ती जमीन हजरत लूत (अ.) यांच्या वंशजांची. मग अम्मोन, पुन्हा तेच. मधल्या ओढ्यांची नावेही दिलेली आहेत, जेरेद आणि आर्णोन. ते आजच्या जॉर्डन देशातले वादी अल-हसा आणि वादी अल-मूजिब मानले जातात. खोल दऱ्या आहेत या, उतरताना छाती दडपावी अशा. म्हणजे वचन एका कौमला असले तरी देणाऱ्याच्या वहीत शेजाऱ्यांचीही खाती आहेत. पॅरिसच्या त्या मेजावरच्या नकाशात नेमके हेच मुलूख गिळलेले होते, हे लक्षात घ्या.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच ग्रंथात कनानमधल्या जमातींविरुद्ध अतिशय कठोर युद्धाचे आदेशही आहेत, आणि आजही काही लोक त्यांचा हवाला देतात. पण यहुदी विद्वानांनीच शतकांपूर्वी यावर बोट ठेवले. बाराव्या शतकात कैरो इथे राहणारे मूसा बिन मैमून, ज्यांच्या कायद्याच्या ग्रंथाला यहुदी आजही मानतात, त्यांनी स्पष्ट लिहिले की त्या सात जमातींची ओळखच आता उरलेली नाही. म्हणजे तो आदेश उचलून आजच्या कोणावर लावता येत नाही. शिवाय उत्पत्तीच्या त्याच १५व्या अध्यायात इब्राहीम (अ.) यांना सांगितले जाते की तुझी संतती चारशे वर्षे परक्या देशात राहील, कारण तिथे राहणाऱ्या अमोऱ्यांच्या अपराधांचे माप अजून भरलेले नाही. वचन दिल्यानंतरही, राहणाऱ्याला त्याच्या अपराधाविना उठवायचे नाही म्हणून चार शतके थांबायचे! आणि अनुवादाच्या ९व्या अध्यायात बनी इस्राईलला बजावले आहे की ही जमीन तुमच्या नेकीमुळे मिळाली असे मनातही आणू नका.

जाता जाता आणखी एक. तो करार झाला तेव्हा ना हजरत इस्माईल (अ.) जन्मले होते, ना हजरत इसहाक (अ.). वचन इब्राहीम (अ.) यांच्या संततीला होते. पुढे १७व्या अध्यायात करार इसहाक (अ.) यांच्याशी जोडला आहे हे खरे, आणि यहुदी वाचक तिथेच बोट ठेवतील. आपल्याकडे उत्तर सूरह बकरच्या १२४व्या आयतीत आहे. इब्राहीम (अ.) यांना लोकांचा इमाम केले जाते तेव्हा ते विचारतात, माझ्या संततीतूनही? उत्तर मिळते की हे वचन जालिमांपर्यंत पोहोचत नाही. वंश कोणताही असो, ही अट इस्माईल (अ.) यांच्या वंशजांनाही तितकीच लागू आहे आणि ती आपणही विसरू नये.

आता जमिनीच्या प्रतीकडे वळू. शेतकरी वाचकांना हा भाग विशेष आवडेल. अनुवादाच्या ११व्या अध्यायात मूसा (अ.) लोकांना सांगतात की तुम्ही ज्या मिसरमधून आलात तशी ही जमीन नाही. तिथे तुम्ही भाजीच्या मळ्यासारखे पायाने पाणी फिरवत होता. ही डोंगर-दऱ्यांची जमीन आहे, ती आकाशातून पडणारे पाणी पिते. आपल्या शब्दांत सांगायचे तर मिसर बागायत आणि वचनभूमी जिरायत. नाईलच्या काठच्या माणसाला आभाळाकडे बघावे लागत नव्हते. इथे मात्र पेरणीआधीचा पाऊस आणि पीक भरतानाचा पाऊस, दोन्ही वेळेवर आले तरच घरात दाणा. आणि पुढेच इशारा आहे की मन फिरवलेत तर आकाश बंद होईल आणि तुम्ही या चांगल्या जमिनीवरून नाहीसे व्हाल. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या कोणालाही विचारा, जिरायत शेती माणसाला काय शिकवते. कोणी हात उचलून दुआ मागायला शिकतो, कोणी सावकाराच्या दारी जातो. वचनभूमी म्हणून अल्लाहने सुपीक, निश्चिंत नदीकाठ निवडला नाही. दर मोसमात मागावे लागेल अशी जमीन निवडली. ज्या घराण्याची दुसरी शाखा बिनशेतीच्या मक्केच्या खोऱ्यात वसवली गेली, त्या घराण्याला हे साजेसेच आहे.

वाळवंटाचेही तसेच. तौरात वचनभूमीत उतरली नाही, ती तूर पर्वतावर मिळाली आणि तूर या हद्दीच्या बाहेर आहे. कायदा आधी, जमीन नंतर, आणि मध्ये चाळीस वर्षे वाळवंट. सूरह माइदाच्या २१ ते २६ आयतींमध्ये तो प्रसंग आहे. लोकांनी आत जायला नकार दिला, मूसा (अ.) यांना म्हणाले की तुम्ही आणि तुमचा रब जाऊन लढा. मग लिहिलेली जमीनच चाळीस वर्षांसाठी हराम केली गेली. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. होय, लिहिली होती. आणि ज्यांच्यासाठी लिहिली होती त्याच पिढीला ती मिळाली नाही, हेही त्याच ठिकाणी लिहिलेले आहे.

स्वतः मूसा (अ.) यांनाही नदी ओलांडता आली नाही. नबो डोंगरावर उभे राहिले की समोर जॉर्डनचे खोरे दिसते, खाली मृत समुद्र, पलीकडे यरीहो. तिथून त्यांना सगळी जमीन दाखवली गेली आणि तिथेच त्यांचा अंत झाला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की मूसा (अ.) यांनी शेवटच्या घडीला एवढेच मागितले, पवित्र भूमीपासून दगड फेकला तर पोहोचेल इतक्या अंतरावर मला ने. आणि प्रेषित मुहम्मद (स.) म्हणाले की मी तिथे असतो तर लाल वाळूच्या टेकडीजवळची, वाटेकडेची त्यांची कबर तुम्हाला दाखवली असती. अल्लाहशी बोललेला प्रेषित हद्दीच्या अलीकडे थांबतो, एक वीत पुढे जात नाही. ज्यांना त्या जमिनीवर आपला हक्क सिद्ध करायचा आहे त्यांनी त्या वाटेकडेच्या कबरीसमोर थोडे थांबावे.

या नदीची आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बनी इस्राईलच्या बारा वंशांपैकी रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांच्याकडे गुरे फार होती. त्यांनी नदीच्या पूर्वेलाच चराऊ जमीन मागून घेतली. अट एवढीच होती की भावांबरोबर पलीकडे लढायला यायचे. ते गेले, लढले, आणि हजरत यूशा बिन नून (अ.) यांनी त्यांना दुआ देऊन परत पाठवले. परतताना त्यांनी नदीकाठी एक मोठी वेदी बांधली. पश्चिमेकडच्या भावांनी ऐकले आणि त्यांचे डोके फिरले. कुर्बानीचे ठिकाण एकच असताना यांनी दुसरी वेदी बांधली म्हणजे धर्मद्रोह! शिलो इथे सगळे जमले, युद्धाची तयारी झाली. पण हल्ल्याआधी एक शहाणपणाची गोष्ट घडली. पिन्हास नावाचे इमाम आणि दहा सरदार विचारपूस करायला गेले.

पूर्वेकडच्यांचे उत्तर यहोशवाच्या २२व्या अध्यायात आहे. ते म्हणाले, ही वेदी कुर्बानीसाठी नाहीच. आम्हाला भीती वाटली की उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील, तुमचा आमच्या रबशी काय संबंध? त्याने जॉर्डन नदी आपल्या मध्ये घातली आहे, तुमचा त्यात वाटा नाही. असे म्हणून ती आमच्या मुलांची इबादत बंद पाडतील. म्हणून ही नुसती साक्ष उभी केली आहे, दोन्ही काठांचा मालक एक आहे याची. पिन्हास खुश झाले, परत गेले आणि युद्ध टळले.

विचार करा. नदी जमिनीची सीमा असू शकते, ती रबची सीमा नाही. आणि हे ओळखले ते हद्दीच्या बाहेर राहणाऱ्यांनी. आत राहणाऱ्यांची मुले हे विसरतील अशी त्यांना भीती होती. ती भीती अनाठायी नव्हती, असे आज म्हणावे लागते.

गणनेच्या पुस्तकात हद्दींचा जो तपशीलवार अध्याय आहे, ३४वा, तो नकाशे काढणाऱ्यांना फार प्रिय आहे. पण पुस्तक तिथे संपत नाही, पुढे दोन अध्याय आहेत. ३५व्यात सहा आश्रयनगरांचा हुकूम आहे. चुकून कोणाच्या हातून माणूस मेला तर सुडापासून बचावासाठी त्याने तिथे पळून जावे. तीन नगरे नदीच्या अलीकडे, तीन पलीकडे. आणि ती केवळ बनी इस्राईलसाठी नाहीत, त्यांच्यात राहणाऱ्या परक्यांसाठीही आहेत. त्याच अध्यायाच्या शेवटी सांगितले आहे की निरपराधाच्या रक्ताने जमीन नापाक होते. हद्द आखून झाल्यावर लगेच हे सांगावेसे वाटले, यात सगळे आले.

३६व्या अध्यायात सलाफहादच्या मुली येतात. त्यांची गोष्ट २७व्या अध्यायात सुरू झालेली आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी, ज्यांच्या बापाला मुलगा नव्हता. जमिनीचे वाटप होणार म्हटल्यावर त्या मूसा (अ.) यांच्यासमोर, सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचे नाव का पुसले जावे? आम्हाला वाटा द्या. मूसा (अ.) यांनी अल्लाहला विचारले, आणि उत्तर आले की या मुली बरोबर बोलत आहेत. समुद्रापासून नदीपर्यंतच्या हद्दी आखणारे पुस्तक पाच बहिणींच्या वाट्यावर येऊन संपते.

मदीनेतही असेच घडले. उहुदमध्ये शहीद झालेले हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. मुलींच्या चुलत्याने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली होती. मग वारशाच्या आयती उतरल्या. चुलत्याला बोलावून सांगितले गेले की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझे. सूरह निसामध्ये या हिश्शांच्या आयती संपताच तेराव्या आयतीत तेच शब्द येतात, हुदूदुल्लाह. या अल्लाहच्या हद्दी आहेत, आणि चौदाव्यात त्या ओलांडणाऱ्यासाठी आगीचा इशारा आहे. नदी किंवा डोंगर नव्हे, बहिणीचा हिस्सा ही हद्द!

दुसऱ्यांच्या नकाशांवर रागावणाऱ्या आपल्या घरांत या हद्दीचे काय होते? वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावांची नावे चढतात. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि वर म्हटले जाते की तिने राजीखुशीने सोडले. तिने नाही म्हटले असते तर माहेरचे दार उघडे राहिले असते का, हे तिला कोणी विचारत नाही. अनुवादाच्या १९व्या अध्यायात शेजाऱ्याची सीमेची खूण हलवायला मनाई आहे आणि २७व्या अध्यायात ती हलवणाऱ्याला शाप आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अली (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये जमिनीच्या खुणा बदलणाऱ्यावर अल्लाहची लानत सांगितली आहे. आणि कोणाची वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात थरांची जमीन पडेल, ही हदीस तर बांधावरून भांडणाऱ्या प्रत्येक गावात मौलवीसाहेबांनी कधी ना कधी ऐकवलेली असते. तिथे ती लागू पडते आणि बहिणीच्या वाट्याला लागू पडत नाही, असे तिच्यात कुठेही नाही.

इब्राहीम (अ.) यांचेच उदाहरण घ्या. उत्पत्तीच्या २३व्या अध्यायात बीबी सारा यांचे निधन होते. दफनासाठी जागा हवी. फुरातपर्यंतचे वचन ज्यांच्या हाती होते, ते हेब्रोनमध्ये हित्ती लोकांसमोर उभे राहून म्हणतात की मी तुमच्यात परका आहे, मला कबरीपुरती जागा विकत द्या. एफ्रोन नावाचा मालक फुकट घ्या म्हणतो. ते घेत नाहीत. चांदीचे चारशे शेकेल मोजून देतात, लोकांसमोर. त्या गुहेवर आज मस्जिदे इब्राहीमी उभी आहे. वचन मिळाल्याने दुसऱ्याचा मालकी हक्क संपतो, असे त्यांना वाटले नव्हते.

तौरातच्या लेवीय या भागात याचे कारण दिले आहे. जमीन कायमची विकू नका, कारण जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे परके आणि पाहुणे आहात, असा त्याचा आशय. सूरह आराफच्या १२८व्या आयतीत मूसा (अ.) आपल्या कौमला तेच सांगतात, जमीन अल्लाहची आहे आणि तो हवे त्याला तिचा वारस करतो. वारस, मालक नव्हे. आणि सूरह अंबियाच्या १०५व्या आयतीत जबूरचा हवाला देऊन म्हटले आहे की जमिनीचे वारस नेक बंदे होतील. आजच्या स्तोत्रसंहितेतही, ३७व्या स्तोत्रात, ही गोष्ट सापडते. ७२व्या स्तोत्रात तर नदीपासून पृथ्वीच्या टोकापर्यंत सत्ता असलेल्या राजाचे वर्णन आहे, आणि ती सत्ता का, तर तो गरिबाची हाक ऐकतो आणि जुलमापासून त्याला सोडवतो म्हणून.

जॉर्डन नदीची आजची अवस्था मात्र वाईट आहे. वरचे पाणी इस्राईल, सीरिया आणि जॉर्डन या तिन्ही देशांनी वळवून घेतले आहे. खालच्या प्रवाहात पूर्वीच्या दहाव्या हिश्शाइतकेही पाणी उरलेले नाही, आणि मृत समुद्राची पातळी दरवर्षी सुमारे एक मीटरने उतरते आहे. समुद्रसपाटीपासून तो आधीच ४३० मीटरहून खाली आहे. ज्या हद्दीवरून एवढी भांडणे झाली ती हद्दच सगळ्यांनी मिळून पिऊन टाकली म्हणायची.

मुलांबरोबर हा विषय वाचायचा असेल तर आणखी एक पान अवश्य उघडा. बाबिलच्या कैदेत असताना प्रेषित यहेज्केल यांच्या पुस्तकाच्या ४७व्या अध्यायात या जमिनीच्या हद्दी पुन्हा एकदा येतात. महासमुद्र, हमातची वाट, जॉर्डन, मिसरचा ओढा. खुणा जवळपास त्याच आहेत. पण शेवटी एक नवा हुकूम आहे. तुमच्यात राहणारे जे परके आहेत, ज्यांना तिथे मुले झाली आहेत, त्यांनाही तुमच्याबरोबर वाटा द्या, जन्माने तुमच्यातल्याच माणसाला देता तसा. ते ज्या वंशाच्या भागात राहत असतील त्याच भागात त्यांचा हिस्सा. जमीन गमावून परमुलखात बसलेल्या लोकांना हे सांगितले गेले होते. मराठी बायबल पुस्तकांच्या दुकानात सहज मिळते, त्यात मागे नकाशेही असतात. गणनेचा ३४वा अध्याय आणि हा ४७वा अध्याय शेजारी ठेवून पेन्सिलने दोन्ही हद्दी काढायला मुलांना सांगा, तासाभराचे काम आहे.

आणखी एक नदी राहिली, हजरत तालूत यांच्या सैन्याची. सूरह बकरच्या २४९व्या आयतीत आहे ती, जिचे पाणी ओंजळभरच प्यायची परवानगी होती. इन्शाअल्लाह, पुढील अंकात तिच्याबद्दल.